आबांच्या भोंग्याचे आठ

आमच्या घरात घड्याळ नव्हतं आणि त्याची कुणाला लाजही वाटत नव्हती. आम्ही गुरव. पवनेकाठच्या आमच्या गावात वेळ सांगणं हे आमच्याच घरचं काम होतं. पहाटेचा नगारा माझे वडील वाजवायचे, तिन्हीसांजेची घंटा तेच वाजवायचे आणि मधल्या दिवसात कुणाला वेळ हवी असली तर लोक देवळाच्या ओट्याशी येऊन त्यांनाच हाक मारायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो, आणि हळूहळू गावही आबाच म्हणायला लागलं होतं. ते मान वर करून सूर्याकडं बघायचे नाहीत. दीपमाळेची सावली ओट्याच्या कितव्या दगडावर आली आहे ते बघायचे. थंडीत ती सावली कुठं असते, उन्हाळ्यात कुठं सरकते, हे त्यांना तोंडपाठ होतं. "अजून दोन घटका हायत, जा निवांत," असं ते म्हणाले की माणूस निवांत जायचा. लग्नाच्या मुहूर्ताला भटजींच्या खिशातलं घड्याळ एक सांगायचं आणि आबा एक सांगायचे, तेव्हा वऱ्हाडी आबांकडं बघून अक्षता टाकायचे. भटजी चिडायचे, पण दक्षिणा मिळायची म्हणून गप्प बसायचे.

हे सगळं मी एवढ्यासाठी सांगते आहे की माझ्या बापाचा शब्द गावात काय होता ते आधी नीट कळावं. नाही तर पुढचं कळायचं नाही.

पन्नासचं दशक सरत आलं होतं तेव्हा पिंपरीच्या बाजूला माळावर एकामागून एक कंपन्या उभ्या राहत होत्या. आमच्या गावापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर स्टोव्ह आणि कंदिलांची कंपनी आली. तिचं नाव मी लिहीत नाही. ती कधीच बुडाली, आणि तिथं आता दुसरंच काही उभं आहे. कंपनी सुरू व्हायच्या महिनाभर आधी तिथला एक साहेब गावात आला. लेबर ऑफिसर. गोरा, नाकीडोळी नीटस, पुण्याचं शुद्ध बोलणारा. आल्या आल्या त्यानं चावडीवर बसलेल्यांना एकच प्रश्न विचारला, "तुमच्या गावात वेळ कुणाला विचारतात?" सगळ्यांनी देवळाकडं बोट केलं.

तेव्हा आम्हाला तो प्रश्न फार साधा वाटला. आज त्याची आठवण झाली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

साहेबानं आबांना भोंग्यावर घेतलं. काम काय, तर घड्याळात सकाळचे आठ वाजले की भोंग्याची दोरी ओढायची, संध्याकाळचे साडेपाच वाजले की पुन्हा ओढायची. मधल्या वेळात भोंग्याच्या खोलीची साफसफाई. खाकी कपडे मिळाले. साहेब त्यांना "गुरवजी" म्हणायचा. गावात कुणी कधी गुरवाला जी लावला नव्हता. लग्नातसुद्धा आमची पंगत सगळ्यांच्या मागून बसायची. त्या "जी"नं आबांची मान जी ताठ झाली ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे, आणि मला तेव्हा त्याचा अभिमानच वाटला.

चावडीवर मात्र महिनाभर चर्चा झाली. एक म्हातारा म्हणाला, "यंत्राचा आवाज देवाच्या नगाऱ्यावर चढला, गावाचं बरं व्हनार न्हाई." दुसरा म्हणाला, "तुजा नगारा शिवेवरबी ऐकू येत न्हाई, भोंगा पार चिंचवडापातूर जातोय." तिसऱ्याला पाटबंधाऱ्यात नोकरी होती म्हणून त्याला सगळं कळायचं. तो म्हणाला, "कंपनीत खोटं चालत न्हाई राव. तिथं समदं कागदावर असतंय." शेवटी पाटलांनी निकाल दिला. "भोंगा कुनाचाबी असू दे, दोरी आपल्या गुरवाच्या हातात हाय. देवाचा मानूस हाय त्यो, चुकायचा न्हाई." आणि खरोखरच, पहिल्या महिन्यापासून अख्ख्या गावाची वेळ भोंग्यावर गेली. शाळा भोंग्यावर भरायची, दुधाच्या किटल्या भोंग्यावर निघायच्या, शेतावरच्या बाया सांजच्या भोंग्याला विळे खाली ठेवायच्या. मालक कुरकुरले तर बाया म्हणायच्या, आबांनी वाजवलाय, आता काय?

त्याच कंपनीत पॅकिंगच्या खात्यात बायका घेत होते. मी एकोणीस वर्षांची, लग्न मोडून माहेरी बसलेली. माझी वहिनी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. दादा मिलिटरीत, तेव्हा लांब कुठं तरी सरहद्दीवर. वहिनीच्या पदरात वर्षाचं पोर. आईनं पोर सांभाळायचं कबूल केलं आणि आम्ही दोघी एकाच दिवशी कामाला लागलो.

वहिनीला कंपनीत मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती, तर कार्ड. जाड पुठ्ठ्याचं, पिवळट. फाटकाशी टाइमकीपर होता, तो त्यावर शिक्का मारायचा. त्या कार्डावर तिचं नाव होतं. आमच्या घरात तिला कुणी नावानं हाक मारत नव्हतं. आई "सूनबाई" म्हणायची, मी "वहिनी", गाव "गुरवाची सून", आणि दादाची पत्रं यायची ती आबांच्या नावानं, शेवटी "घरच्यांना सांगणे" एवढ्यातच ती आलेली असायची. लिहिता-वाचता तिला येत नव्हतं. पण त्या कार्डावर आपलं नाव कुठून सुरू होतं नि कुठं संपतं ते तिनं मला विचारून घेतलं आणि पुढं रोज शिक्का मारायच्या आधी त्यावरून अंगठा फिरवायची. टाइमकीपर खेकसायचा, "बाई, शाई पुसाल." ती हसायची. इतकं मोकळं मी तिला घरात कधी हसताना पाहिलं नव्हतं.

घरून निघायची आमची रीत ठरलेली होती. मुंबईकडं जाणारी सकाळची गाडी पुलावर शिट्टी द्यायची. शिट्टी ऐकली की डबा उचलायचा आणि चालायला लागायचं. कालव्यावरनं बांधाबांधानं गेलं की फाटकाशी पोचून पदर सारखा करून दोन शब्द बोलायला वेळ उरायचा, मग भोंगा व्हायचा. भोंगा संपला की फाटक बंद. पहिले पाच-सहा महिने यात कधी फरक पडला नाही. आबा तर सुट्टीच्या दिवशी खुशीत येऊन सांगायचे, "साहेबाचं घड्याळ आन् माजी सावली, दोगं एका इचाराची."

संक्रांत झाली आणि एका सकाळी आम्ही अजून कालव्यावरच होतो तोवर भोंगा झाला.

आम्ही दोघी थबकलोच. मग धावत सुटलो. मी धडधाकट, हातात नुसता डबा. वहिनीचं अंग बाळंतपणापासून सावरलंच नव्हतं. फाटक ओढून घेत होते तेवढ्यात मी आत शिरले. वहिनी पन्नास पावलं मागं राहिली आणि बाहेरच राहिली. तिच्याबरोबर आणखी सात-आठ बाया, पाच-सहा पुरुष. तासाभरानं आत घेतलं, कार्डावर लाल शिक्का मारून. तीन लाल शिक्के झाले की नाव कमी.

आता बघा, आम्ही काय केलं. आम्ही रेल्वेला शिव्या दिल्या. "गाडी लेट झाली असनार," बाया म्हणाल्या. "रेल्वेचं काय खरं? कोळसा संपला की उभी." गाडी उशिरा आली, म्हणून आम्ही उशिरा निघालो, म्हणून भोंगा आधी झाला. किती सरळ! इंग्रजाच्या काळापासून त्या पुलावरून शिट्टी देत जाणारी गाडी आम्ही एका दिवसात खोटी ठरवली. भोंगा चुकला असेल असं एकाही बाईच्या मनात आलं नाही. दोरी आबांच्या हातात होती ना.

मग मी गाडीची वाट न बघता अंदाजानं निघायला लागले. वहिनीला ते जमायचं नाही. पोर उठायचं नेमकं गाडीच्या सुमाराला, आणि दिवसभर अंगावर मिळणार नाही म्हणून पोटभर पाजूनच ती निघायची. माघ लागला त्या आठवड्यात दुसरा लाल शिक्का बसला. कंपनीत लेबर ऑफिसरनं सगळ्यांना मैदानात उभं करून भाषण दिलं. देश नवा घडतो आहे, यंत्राला शिस्त लागते, खेड्यातल्या माणसाला अजून मिनिटाची किंमत कळत नाही, वगैरे. आम्ही माना खाली घालून ऐकलं. मला तर त्याचं पटलं. संध्याकाळी घरी येऊन मी वहिनीला म्हणाले, "पोराला पाजायला एवढा वेळ लागतो का गं? जरा उरकायला शीक की. आबांची सून उशिरा येते म्हणून लोक काय म्हणत असतील?"

पोराच्या तोंडातून हलकेच सुटून तिनं पदर सावरला. मी हे बोलले होते हे मला आजही विसरता येत नाही, आणि विसरू नयेच.

तिसरा शिक्का महाशिवरात्रीच्या आधी चार दिवस बसला. त्या दिवशी ती फाटकापासून दहा पावलांवर होती. मी आतून पाहत होते. भोंग्याची खोली फाटकाच्या अगदी वर, जिन्यावरच्या मजल्याला होती, आणि तिच्या खिडकीत आबा उभे होते. त्यांनीही पाहिलं. टाइमकीपरनं तिचं कार्ड मागून घेतलं, त्याचा कोपरा कातरला आणि पेटीत टाकलं. वहिनी म्हणाली, "ते माजं हाय." तो म्हणाला, "कंपनीचं आहे बाई." आबा खिडकीतून मागं सरले.

घरी आबा दोन दिवस जेवताना कुणाकडं बघत नव्हते. मला वाटलं, सुनेनं नाव घालवलं म्हणून रागावलेत.

वहिनी पुन्हा घरात, धुणी-भांडी, शेण-गोठा. पण आता ती सांजच्या वेळेला गावात होती, आणि त्या वेळेला आम्ही सगळ्या कंपनीत असायचो. पंचायतीनं नुकताच रेडिओ आणला होता. चावडीच्या माळवदावर कर्णा लावलेला. खेड्यातल्या लोकांसाठीचा कार्यक्रम संध्याकाळी साडेपाचला लागायचा, आणि आधी बाई सांगायची, आता साडेपाच वाजले आहेत. चावडीपुढंच आड. वहिनी पाण्याला जायची ती त्याच वेळेला. तिच्या लक्षात आलं की रेडिओवरची बाई साडेपाच म्हणते, आणि मग आपला एक हंडा भरून होतो, दुसरा भरून होतो, डोक्यावर घेऊन घराच्या वळणाशी येतो तेव्हा भोंगा होतो. तिनं एक दिवस पाहिलं, दोन दिवस पाहिलं, आठवडाभर पाहिलं.

चावडीवरच्या म्हाताऱ्यांच्याही ते लक्षात आलं होतं म्हणे. त्यांनी त्याचा उलगडाही करून टाकला होता. पाटबंधाऱ्यातला म्हणाला, "रेडिओवाल्यास्नी घरी जायची घाई आसती. सरकारी मान्सं. घड्याळ म्होरं लावून बसत्यात." त्यावर सगळे हसले. गाडी खोटी, रेडिओ खोटा, आणि आमचा भोंगा तेवढा खरा.

एका रविवारी सकाळी आम्ही नदीवर गोधड्या धुवायला गेलो तेव्हा वहिनी मला म्हणाली, "वन्सं, सांजचा भोंगा दोन हंड्यांनी उशिरा व्हतोय. आन् सकाळचा मला वाटतं तेवढाच आदुगर व्हतोय. गाडी बराबर येती. म्या पोराला घेऊन पुलापल्याडच्या ठेसनात मास्तरांना इच्यारून आले. त्यांच्या वहीत गाडी येळेवर हाय."

मी तिच्याकडं बघतच राहिले. लिहिता न येणारी बाई, कडेवर पोर घेऊन, स्टेशनात जाऊन मास्तरला विचारून आली होती.

"मंग गं?" मी म्हणाले.

"घड्याळ बिगाडलं आसंल कंपनीचं," ती म्हणाली. "मामंजींच्या ध्यानात आलं नसंल. तुमी सांगा त्यांना. त्यांनी साहेबाला सांगितलं तर माजं कार्ड मिळंल का वो परत?"

तिचे डोळे असे चमकत होते की मी गोधडी तशीच दगडावर टाकून निघाले. मला आनंद झाला होता. चूक सापडली होती, ती कुणाचीच नव्हती, यंत्राची होती. आता आबा साहेबाला सांगणार, साहेब "गुरवजी, बरं झालं" म्हणणार, वहिनी परत येणार. रस्ताभर मी हेच मनाशी घोळवत गेले.

आबा देवळाच्या ओट्यावर पत्रावळी लावत बसले होते. शिवरात्र झाली तरी एका घरचं उद्यापन होतं. पळसाची पानं, बाजूला ती टाचायला बांबूच्या चोयांची जुडी. मी धापा टाकत सगळं सांगितलं. गाडी, मास्तरची वही, रेडिओ, दोन हंडे. आबांचा हात थांबला नाही. एक पान लावलं, टाचलं, दुसरं उचललं.

"घड्याळ बिघडलेलं न्हाई," ते म्हणाले.

"अहो आबा, असं कसं? सकाळी पुढं जातंय आणि..."

आणि तिथंच माझी जीभ थांबली. बिघडलेलं घड्याळ पुढं तरी जातं नाही तर मागं तरी राहतं. सकाळी पुढं आणि संध्याकाळी मागं जाणारं घड्याळ बिघडलेलं नसतं.

माझ्या बापाच्या मागं दीपमाळेची सावली ओट्यावर पडली होती. मी ती बघितली आणि त्यांच्याकडं बघितलं. ज्या माणसाला सावलीवरून पाव घटका कळते, त्याला हे संक्रांतीपासून कळलं नव्हतं?

"कोण फिरवतं?" मी विचारलं.

त्यांनी हातातली पत्रावळ पुरी केली. मग त्यांनी सांगितलं. टाइम ऑफिसातला कारकून रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत चावी द्यायला येतो. त्या घड्याळाला आठवड्यातून एकदाच चावी लागते. तो काच उघडतो, काटा मागं घेतो. सकाळी आबा पोचायच्या आत कुणी तरी पुढं करून ठेवलेला असतो. हे सुरू झालं त्या पहिल्याच आठवड्यात आबा साहेबाकडं गेले होते. साहेबानं त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाला, "गुरवजी, सावलीची वेळ जुनी झाली. कंपनीची वेळ म्हणजे कंपनीच्या घड्याळातली वेळ. तुम्ही घड्याळाकडे बघून वाजवता ना? मग तुम्ही खरेच आहात."

"आन् आठ मिन्टानं कुनाचं काय जातंय?" आबा म्हणाले. हे बोलताना त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली.

"वहिनीचं गेलं," मी म्हणाले.

हा हुकूम वरून आला होता की त्या एका साहेबाच्या डोक्यातून निघाला होता, ते मला आजवर कळलेलं नाही. माझा नातू म्हणतो, आजी, अशा वेळी "कंपनीनं केलं" एवढंच म्हणायचं असतं. तो संगणकावर काम करतो, त्याला या गोष्टी ठाऊक. मला मात्र तो काटा फिरवणारा हात कुणाचा, हे अजून विचारावंसं वाटतं. आणि दोरी ओढणारा हात कुणाचा होता ते तर मला ठाऊकच आहे.

मी आबांना म्हणाले, तुम्ही एकदा सगळ्यांपुढं सांगा. ते म्हणाले, बघू. मी चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी लाल शिक्के बसलेल्या बायांना घेऊन मी ऑफिसच्या खिडकीशी गेले. वहिनीही आली. आम्ही आबांचं नाव घेतलं नाही. मी एवढंच म्हणाले की रेडिओ आणि रेल्वे एक सांगतात आणि भोंगा वेगळं सांगतो, तेव्हा तपासा.

साहेब रागावला नाही. बाहेर आला, आमच्यात उभा राहिला. "बायांनो, मी सांगून तुम्हाला पटायचं नाही," तो म्हणाला. "मी परका. तुमच्या गावात खरंखोटं कसं करतात?"

एक बाई म्हणाली, "बेलभंडार उचलत्यात."

"मग तसं करू या, भोंगा वाजवणारे गुरवजीच उचलतील," साहेब म्हणाला. "रविवारी मी स्वतः येतो."

आमच्याकडं तंटा मिटेना की देवापुढं बेलाचं पान आणि भंडारा हातावर घेऊन शब्द द्यायचा. तो दिला की पुढं बोलायचं नाही, कोर्टसुद्धा नाही. आणि तो बेल उचलणाऱ्याच्या हातावर ठेवायचा मान गुरवाचा. बाया खूश झाल्या. त्यांना वाटलं, आपलं काम झालं. मलाही, खरं सांगते, वाटलं. आबा साहेबाला भीत असतील, पण देवापुढं नाही, असं मी वहिनीला सांगितलं. छाती ठोकून सांगितलं.

रविवारी देऊळ भरलं. साहेब बूट बाहेर काढून, डोक्याला रुमाल बांधून आला, वाकून नमस्कार केला. लोकांना ते आवडलं. आबांनी सकाळी स्वतःच बेल तोडून आणला होता, रोजच्यासारखा. त्यांनी परातीतलं एक पान उचललं, भंडाऱ्यात बुडवलं, आणि आज उचलणारेही तेच होते म्हणून डाव्या हातानं आपल्याच उजव्या तळव्यावर ठेवलं.

पाटील म्हणाले, "गुरव, भोंगा आठाला वाजतोय का न्हाई, एवढं सांगा. सांजचा साडेपाचाला वाजतोय का न्हाई. बास."

आबा देवाकडं तोंड करून उभे होते. आवाज नगाऱ्याला बसलेल्या माणसाचा, घट्ट. म्हणाले, "घड्याळात आठ वाजल्याबिगर म्या सकाळचा भोंगा वाजीवला न्हाई. साडेपाच वाजल्याबिगर सांजचा वाजीवला न्हाई. ह्यात एक अक्षर खोटं आसंल तर माजा निर्वंश व्हवो."

एक अक्षर खोटं नव्हतं.

सगळ्या देवळानं श्वास सोडला. "झालं," पाटील म्हणाले. बायांनी एकमेकींकडं बघितलं आणि दोघी-तिघींनी गालावर मारून घेतलं, देवाच्या माणसावर संशय घेतला म्हणून. पाटबंधाऱ्यातला म्हणाला, "म्या सांगितलं व्हतं, रेडिओ म्होरं हाय." साहेबानं आबांना हात जोडले.

पाटलांनी विचारलं होतं, आठाला वाजतो का? कुणाच्या आठाला, ते कुणी विचारलं नाही. आमच्या लोकांना आठ हे आठच असतात असं वाटायचं. ते विचारायला मी होते तिथं. मी खांबाशी उभी होते, आबांपासून चार हातांवर. "घड्याळ कोण फिरवतं ते विचारा त्यांना." एवढे शब्द माझ्या ओठांवर तयार होते. ते बोलले असते तर माझा बाप भर देवळात, बेल हातावर असताना, लबाड ठरला असता. गुरवकी गेली असती. आणि आणखी एक, तेही लिहून टाकते, माझं कार्डही गेलं असतं. हे दोन्ही विचार माझ्या मनात आले आणि कुठला आधी आला ते मी सांगू शकत नाही. मी गप्प राहिले.

वहिनीनं आबांकडं बघितलंच नाही. सासऱ्याकडं वर मान करून बघायची आमच्यात रीतही नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. लोक उठून गेले, पोर रडायला लागलं, तरी बघत होती. मग तिनं पोराला खांद्यावर घेतलं आणि ती पायऱ्या उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती तिच्या हातानं. माझा डबा तिनं भरून ठेवला होता. गाडीची शिट्टी अजून व्हायची होती.

"उठा वन्सं," ती म्हणाली. "मामंजी कवाच गेले. शिट्टीची वाट बघू नका. ती खरी येळ हाय, तुमच्या कामाची न्हाई."

मी उठले, डबा उचलला, आणि फाटकाशी वेळेवर पोचले.